नाशिकमध्ये राहून ऑनलाइन सेमिनरी: अर्ज कसा करायचा आणि अभ्यास कसा निभवायचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की रविवारी भक्ती संपल्यावर कुणीतरी मला चर्चच्या दारात गाठतं. "ताई, तुम्ही ते घरी बसून बायबल कॉलेज केलं होतं ना? आमच्यालाही करायचंय. फॉर्म कुठे मिळतो?" फॉर्म दोन मिनिटांत मिळतो. पण फॉर्मच्या आधी बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि प्रवेश मिळाल्यावर त्याहून जास्त सांभाळाव्या लागतात. शाळेतली नोकरी, घर आणि मंडळीतलं काम करत मी हा अभ्यास साडेचार वर्षं केला. त्यात पैसे वाया गेले, परीक्षा बुडाली, आणि आयुष्यभर पुरेल असं काहीतरी हातीही लागलं. चर्चच्या दारात उभ्या उभ्या सांगता येत नाही, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी पाळकांना भेटा

बहुतेकजण उलट करतात. आधी मोबाइलवर सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं महाविद्यालय, शोधतात, प्रवेश घेतात आणि शिफारसपत्र हवं म्हटल्यावर पाळकांकडे जातात. पहिली भेट पाळकांचीच घ्या आणि त्यांना एकच विचारा: हे शिक्षण घेतल्यावर आपली मंडळी मला कोणतं काम देईल?

उत्तर मंडळीनुसार बदलतं. तुम्ही सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, नाशिक धर्मप्रांतात असाल आणि प्रेस्बिटर, म्हणजे दीक्षित पाळक, व्हायचं असेल, तर उमेदवाराची निवड धर्मप्रांत करतो आणि कुठे शिकायला पाठवायचं तेही तोच ठरवतो. स्वतःच्या मनाने ऑनलाइन पदवी घेऊन बिशपांपुढे उभं राहिलं म्हणून दीक्षा मिळत नाही. कॅथलिक मंडळींमध्ये पुरोहित होण्यासाठी सेमिनरीत राहूनच घडावं लागतं. प्रापंचिकांना, म्हणजे पुरोहित नसलेल्या सामान्य सभासदांना, मात्र ईश्वरविज्ञानाचे ऑनलाइन वर्ग करता येतात. स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे नियम ज्याचे त्याचे. तिथे तर आधी विचारणं आणखी गरजेचं.

दीक्षा नको असेल, संडे स्कूल, तरुण संघ, महिला मंडळ किंवा इस्पितळातली सेवा नीट करायची असेल, तर ऑनलाइन सेमिनरी उत्तम. माझं असंच होतं. अशा माणसाला मोठ्या पदवीची गरज बहुधा नसते. एक-दोन वर्षांचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा पुरतो. तीन वर्षांची मास्टर्स घेऊन अर्ध्यात सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि एका वर्षाचा डिप्लोमा पूर्ण करून पुढची दहा वर्षं मंडळीला शिकवणारीही पाहिली आहेत.

मान्यता तपासताना घाई नको

इथे मी स्वतः फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा पहिला प्रवेश एका संस्थेत होता. संकेतस्थळ चकचकीत होतं, "आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त" असं ठळक लिहिलेलं होतं, फी कमी होती. आठ महिन्यांनी दुसऱ्या सेमिनरीत क्रेडिट, म्हणजे झालेल्या अभ्यासाची मोजणी, वळवायला गेले तेव्हा कळलं की मान्यता देणारी संस्था आणि शिकवणारी संस्था एकाच कुटुंबाच्या होत्या. भरलेले पैसे गेले आणि केलेल्या अभ्यासाचं एकही क्रेडिट पुढे धरलं गेलं नाही.

मान्यता तीन थरांची असते, आणि ते तीन थर वेगळे ठेवावेत.

पहिली सरकारी मान्यता. १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तसा अधिकार मिळालेल्या विद्यापीठांना आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षणात असा अधिकार असलेलं जुनं नाव म्हणजे सेरामपूर. आपल्याकडे लोक श्रीरामपूर म्हणतात आणि नगर जिल्ह्यातलं समजून बसतात. हे बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने ती पक्की झाली. याच केरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, त्यामुळे आपलं या गावाशी नातं जुनं आहे. देशभरातली अनेक धर्मशिक्षण महाविद्यालयं सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे तिथल्या विद्यापीठ मंडळाशी, संलग्न आहेत. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचे बाहेरून करायचे अभ्यासक्रमही आहेत. त्यात डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज आणि बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज हे प्रापंचिकांना सोयीचे.

दुसरी मंडळ्यांमधली मान्यता. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एटीए, ही १९७० मध्ये सुरू झालेली संस्था आशियातल्या सेमिनरींचा दर्जा तपासते. एटीएची मान्यता इव्हँजेलिकल मंडळ्या आणि सेवासंस्थांमध्ये चांगली चालते. पण सरकारी नोकरीच्या अर्जात तिला यूजीसीची पदवी समजू नका. आपल्याला जवळची पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. नाशिकहून पुणं एका दिवसात गाठता येतं, म्हणून कुठेही अर्ज करण्याआधी एखादी प्रत्यक्ष चालणारी सेमिनरी जाऊन बघून या. ग्रंथालयात तासभर बसलात तरी आपण कशात पाऊल टाकतो आहोत ते कळतं.

तिसरी परदेशी मान्यता. अमेरिकेतली सेमिनरी निवडत असाल तर असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स म्हणजे एटीएसच्या यादीत तिचं नाव आहे का ते बघा. दुसऱ्या एखाद्या संस्थेची मान्यता सांगितली जात असेल, तर त्या संस्थेला चेआ, म्हणजे तिथली उच्च शिक्षण मान्यता परिषद, ओळखते का ते तपासा. यादी नेहमी मान्यता देणाऱ्याच्या संकेतस्थळावर बघायची, सेमिनरीच्या संकेतस्थळावर नाही. मी चुकले ते नेमकं इथेच.

प्रवेश कार्यालयाला ई-मेल करून चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. तुमची मान्यता कुणाची आहे, आणि ती ऑनलाइन अभ्यासक्रमालाही लागू आहे का?
२. पूर्ण अभ्यासक्रम ऑनलाइन होतो, की काही आठवडे प्रत्यक्ष यावं लागतं?
३. मध्ये थांबावं लागलं तर किती वर्षांत पूर्ण करता येतो?
४. एखादा विषय सोडला तर फी किती परत मिळते, आणि कुठल्या तारखेपर्यंत?

उत्तराला आठवडा लागला तर काळजी नको. मात्र उत्तराऐवजी "आजच प्रवेश घ्या, सवलत संपते आहे" असा फोन आला, तर तिथून निघा. आणि वर्षभरात डॉक्टरेट देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. नावापुढे विकत घेतलेलं "डॉ." लावलेला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की शिकण्यासाठी खरोखर घाम गाळलेल्यांवरचाही लोकांचा विश्वास उडतो.

तीन महिने स्वतःला तपासा

पैसे भरण्याआधी तीन महिने अभ्यासाची सवय लावा. केंब्रिजच्या टिंडेल हाउसमध्ये तयार झालेलं स्टेप बायबल हे मोफत ऑनलाइन साधन उघडा, रोज एक उतारा घ्या, एका शब्दाखालचा मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द बघा आणि वहीत पाच ओळी लिहा. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर बंगळूरच्या टाफ्टीचा विचार करा. ही संस्था १९७१ पासून भारतात घरबसल्या धर्मशिक्षण देते आहे. घरी पुस्तकातून अभ्यास करायचा आणि ठरलेल्या दिवशी गटाने जमून चर्चा करायची, अशी तिची पद्धत. इंटरनेटच्या कितीतरी आधीची ही पद्धत आजही जिवंत आहे, आणि मला तर ती ऑनलाइनपेक्षा माणसांच्या जवळची वाटते.

वेळेचा हिशोबही याच तीन महिन्यांत करा. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे साधारण ४५ तासांचं काम धरतात. तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे १३५ तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला नऊ. दोन विषय घेतले की अठरा. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने अठरा तास कुठून आणायचे? एटीएसच्या नियमाप्रमाणे मास्टर ऑफ डिव्हिनिटीला, म्हणजे पाळकीय सेवेच्या पदव्युत्तर पदवीला, किमान ७२ क्रेडिट लागतात, मास्टर ऑफ आर्ट्सला किमान ३६. नोकरी करणाऱ्याने सत्राला एकच विषय घ्यावा. वर्षं जास्त लागतील, लागू द्या.

पदवी नसेल तर निराश होऊ नका. आपल्या शहरातच १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. गंगापूर धरणाजवळच्या या विद्यापीठातून कितीतरी गृहिणींनी आणि कामगारांनी पदवी घेतली आहे. पुढे मास्टर्स करायची असेल तर आधी इथली बी.ए. करून घेण्याचा मार्ग सरळ आणि स्वस्त आहे.

कागदपत्रं: नावाचा घोळ आधी मिटवा

परदेशी सेमिनरीच्या अर्जात सर्वात जास्त अडतं ते नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी. आधारवर नाव, वडील, आडनाव. लग्न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर कधी आणखी तिसरंच नाव. तिकडच्या कारकुनाला ही चार माणसं वाटतात. नुसता क्रम वेगळा असेल तर नोटरीकडून "ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत" असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून घेतलं की बहुधा भागतं. नावच बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. अर्जात मात्र पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, कारण पदवीवर तेच छापून येणार.

गुणपत्रिकांच्या झेरॉक्स चालत नाहीत. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून सर्वात आधी तेच काम काढा. नाशिकच्या कॉलेजांतून २०१४ च्या आधी शिकलेल्यांच्या गुणपत्रिकेवर नुसतं "पुणे विद्यापीठ" असतं आणि नवं ट्रान्सक्रिप्ट "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठा"चं येतं. दोन्ही एकच आहेत, २०१४ मध्ये नाव बदललं, अशी एक ओळ अर्जासोबत लिहा. माझा अर्ज एवढ्यासाठी तीन आठवडे पडून होता.

इंग्रजीच्या परीक्षेचं आधी विचारून घ्या. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर कॉलेजच्या पत्रावर काही ठिकाणी सूट मिळते. परीक्षा द्यावीच लागली तर टोफेलचे गुण दोन वर्षंच चालतात, म्हणून फार लवकर देऊ नका.

शिफारसपत्राबाबत पाळकांना अवघडून टाकू नका. सेमिनरीचा छापील नमुना, तुमच्या सेवेच्या तारखा आणि शेवटचा दिवस एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, किमान महिनाभर आधी. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) तोंडावर तर मागूच नका. आपले पाळक मराठीतून छान लिहितात पण इंग्रजी पत्राला बिचकतात. अशा वेळी त्यांनी मराठीत लिहावं, खाली भाषांतर जोडावं आणि दोन्हींवर सही-शिक्का करावा. मी प्रवेश कार्यालयाला विचारलं तेव्हा त्यांनी आनंदाने मान्य केलं.

साक्ष आणि पाचारण कसं लिहायचं

प्रत्येक अर्जात दोन-तीन पानी निवेदन असतं: प्रभूने तुम्हाला कसं बोलावलं आणि तुम्हाला का शिकायचं आहे. आपण मंडळीत साक्ष तोंडी सांगतो, ऐकणारे आपल्याला ओळखतात, म्हणून थोडक्यात भागतं. कागदावर तसं चालत नाही. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "माझा जन्म एका देवभीरू ख्रिस्ती कुटुंबात झाला. लहानपणापासून मला प्रार्थनेची आवड आहे." एका अनुभवी पाळकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे खरं आहे, बाई. पण हे कुणाचंही असू शकतं. तुमचं काय आहे ते लिहा."

मग मी लिहिलं ते असं. दर गुरुवारी आम्ही दोघी-तिघी जिल्हा रुग्णालयात प्रार्थनेला जायचो. एका दुपारी एका आईजवळ बसले होते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा सकाळीच गेला होता. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, तुम्ही काल प्रार्थना केली होती. देवानं ऐकली नाही का?" मला काहीच बोलता आलं नाही. घरी येताना बसमध्ये मी ठरवलं की मला शिकायचं आहे.

अशी एक घटना लिहा. खरी, जागा-वेळेसकट, माणसाचं नाव न देता. त्यानंतर तुम्हाला काय येत नाही ते सरळ कबूल करा. तुम्हाला सगळं ठाऊक असावं अशी निवड करणाऱ्याची अपेक्षा नसते. शेवटी मंडळीत सध्या कोणतं काम करता आणि किती वर्षं, ते दोन ओळीत. इंग्रजी साधं ठेवा. मोठे शब्द शोधण्यापेक्षा ओळखीच्या शिक्षकाकडून चुका तपासून घ्या.

फी

क्रेडिटमागे किती, ते एकूण क्रेडिटांनी गुणा, त्यात तंत्रज्ञान शुल्क, पुस्तकं आणि शेवटचं पदवीदान शुल्क मिळवा. डॉलरमध्ये फी असेल तर रुपया घसरेल असं धरूनच चला. कार्डाने भरताना बँक परकीय चलनाचं वेगळं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणून मोठी रक्कम बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून पाठवणं कधी कधी स्वस्त पडतं. दोन्हींचा हिशोब बँकेतूनच करून घ्या.

शिष्यवृत्ती मागायला लाजू नका. अनेक सेमिनरींमध्ये आशिया-आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत असते, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. ती थेट फीमधून वजा करून मागा. परदेशातल्या कुणाकडून स्वतःच्या किंवा मंडळीच्या खात्यावर पैसे मागवू नका, परदेशी देणग्यांचा कायदा कडक आहे. आणि मंडळीच्या कार्यकारिणीपुढे अर्ज जरूर ठेवा. आमच्या मंडळीने मला एका सत्राची पुस्तकं घेऊन दिली. रक्कम मोठी नव्हती, पण त्यानंतर दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायचं, "अभ्यास कुठवर आला?" त्या विचारण्याने मला तग धरायला लावला.

घड्याळ, वीज आणि टेबल

थेट वर्ग असतील तर तिकडची वेळ लिहून ठेवा. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सातचा वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला येतो, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. मला हे माहीत नव्हतं. मार्चमध्ये चहा घेऊन साडेपाचला लॅपटॉप उघडला तेव्हा चाचणी परीक्षा संपत आली होती. प्राध्यापकांनी दयेने पुन्हा घेतली, पण तो दिवस मी विसरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या दोन रविवारांना लाल गोल करा.

गृहपाठाची मुदत बहुधा तिकडच्या रविवारी रात्री ११:५९ असते, म्हणजे आपली सोमवार सकाळ. नोकरीवर जाण्याच्या घाईत निबंध पाठवणं म्हणजे संकटाला बोलावणं. शनिवारी रात्री पाठवून मोकळं व्हा आणि रविवार भक्तीसाठी ठेवा.

वीज आणि नेटसाठी फार बोलत नाही. राउटरला छोटा यूपीएस, मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि व्याख्यानं आदल्या रात्री उतरवून ठेवणं, एवढं केलं की पुरतं. घरात जागा नसेल तर कॉलेज रोडला स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी महिन्याच्या भाड्याने अभ्यासिका मिळतात. पहाटेच्या थेट वर्गाला मात्र घरच हवं, कारण अभ्यासिकेत बोलता येत नाही. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी घडीचं टेबल टाकलं होतं. घरच्यांना एकदाच स्पष्ट सांगितलं की हे टेबल उघडं असताना मला हाक मारायची नाही.

ग्रीक आणि हिब्रू: इथे मराठी माणूस पुढे असतो

या विषयांच्या भीतीने बरेचजण सेमिनरीचा विचार सोडतात. मला वाटतं, या भाषा मराठी माणसासाठीच ठेवल्या आहेत.

ग्रीकची पहिली अडचण म्हणजे नामाला लागणाऱ्या विभक्ती. वर्गातले अमेरिकन विद्यार्थी तिथेच अडकले होते. आपण तर शाळेत "स-ला-ते, स-ला-ना-ते" घोकलेली माणसं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीतला शब्द घ्या: लोगोस म्हणजे शब्द, लोगू म्हणजे शब्दाचा, लोगोन म्हणजे शब्दाला. शेपूट बदललं की नातं बदलतं. "शब्द"चं सामान्यरूप "शब्दा" होतं हे ज्याला माहीत आहे त्याला हे परकं वाटतच नाही. दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजी बोलणाऱ्याला प्रश्न पडतो की निर्जीव वस्तूला लिंग कशाला. आपल्याकडे शब्द तो, भाषा ती, पुस्तक ते. ग्रीकमध्येही तीनच लिंगं. मात्र एका ठिकाणी जपा: लिंगं जुळतीलच असं नाही. मराठीत आत्मा तो, ग्रीकमध्ये न्युमा नपुंसकलिंगी, हिब्रूत रूआख बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. पवित्र आत्म्याविषयी वाचताना हे लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, अक्षरं २२. मूळ लिपी व्यंजनांची, आणि स्वरांच्या खुणा अक्षराच्या खाली-वर लावतात. आपली उकार-वेलांटीची सवय इथे थेट कामी येते.

पाठांतराचा हिशोब असा: नव्या करारात पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा येणारे ग्रीक शब्द ३०० च्या आसपास आहेत, आणि तेवढे पाठ झाले की मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. रोज पाच शब्द, मागे मराठी अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर. अर्थ इंग्रजीत लिहू नका, नाहीतर दोन परक्या भाषांमध्ये अडकाल.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून ग्रीक आणि हिब्रू शिकून घेतल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झालं. त्यांच्याकडे स्टेप बायबलही नव्हतं आणि झूमही नव्हतं.

एक उदाहरण सांगते, कारण याच गृहपाठावर मला सर्वात चांगले गुण मिळाले. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ सुटतं, येशू तारवात झोपलेला असतो आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात की बुडतो आहोत, तुला काळजी नाही का. ग्रीकमध्ये ते एका क्रियापदात येतं: "बुडतो". इंग्रजीत "वी". मराठीत मात्र भाषांतर करणाऱ्याला निवडावंच लागतं: "आम्ही बुडतो" की "आपण बुडतो"? "आम्ही" म्हटलं तर शिष्य त्याला त्या मरणातून वगळतात. तो वाचेल, बुडणार ते आम्हीच. "आपण" म्हटलं तर तोही त्याच तारवात, त्याच पाण्यात. मी हे लिहून पाठवलं तेव्हा प्राध्यापकांनी उत्तर दिलं की इतकी वर्षं हा उतारा शिकवताना हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आपल्या भाषेने आपल्याला दिलेलं हे आहे, ते वर्गात घेऊन जा.

निबंध लिहिताना

उपदेशात आपण ऐकलेलं, वाचलेलं सहज मिसळतो आणि कुणी विचारत नाही. सेमिनरीत तेच वाङ्मयचौर्य ठरतं. निबंध टर्निटिन या उचललेला मजकूर शोधणाऱ्या साधनातून जातो आणि दुसऱ्याची ओळ तळटीपेशिवाय सापडली तर शून्य मिळतं, कधी प्रवेशही जातो. झोटेरो हे मोफत साधन पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. वाचलेलं प्रत्येक पुस्तक त्यात नोंदवलं की तळटीपा आपोआप तयार होतात. चॅटजीपीटीसारखी साधनं वापरता येतात की नाही हे प्रत्येक विषयाच्या सूचनापत्रात लिहिलेलं असतं, ते वाचा आणि पाळा. माझं मत विचाराल तर इंग्रजीच्या चुका काढण्यापुरती परवानगी असेल तर घ्या. विचार मात्र त्याच्याकडून घेऊ नका. इस्पितळात त्या आईसमोर बसाल तेव्हा तुमच्याकडे तुमचंच असेल तेवढंच असणार.

शिकलेलं मराठीत सांगा

दर आठवड्याला जे शिकलात ते एका माणसाला मराठीत सांगायचं, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. सुरुवात अवघड गेली. इंग्रजीत नीट समजलेलं मराठीत सांगायला गेलं की शब्दच सापडत नव्हते, आणि तेव्हा कळायचं की समजलेलंच नाही. रोमकरांस पत्राचा अभ्यास चालू होता तेव्हा महिला मंडळात मी "नीतिमान ठरणे" यावर बोलले. मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "म्हणजे कोर्टात निकाल लागतो तसं, का सून घरात आली की आपली होते तसं?" विद्वानांमध्ये ज्यावरून मोठा वाद आहे तो प्रश्न आजींनी एका वाक्यात मांडला होता. मी घरी येऊन निबंधाची मांडणीच बदलली.

तुमच्या घरी किंवा शेजारी असा एक ऐकणारा शोधा. आणखी दोन-तीन विद्यार्थी शहरात असतील तर महिन्यातून एकदा भेटा, मग सेमिनरी वेगवेगळ्या असल्या तरी चालेल. पडद्यावरचे वर्गमित्र चांगले असतात, पण घरात कुणी आजारी पडलं तर डबा घेऊन येत नाहीत.

शेवटच्या वर्षी बहुतेक सेमिनरी प्रत्यक्ष सेवेचे तास मागतात. स्थानिक पाळक देखरेख करतात, तासांच्या नोंदवहीवर सही करतात, आणि विद्यार्थ्याने एखादं संभाषण शब्दशः लिहून पाठवायचं असतं. त्याला वर्बेटिम म्हणतात. मी पुन्हा त्याच रुग्णालयात जाऊ लागले. मधल्या काळात मी विलापाची स्तोत्रं शिकले होते. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याच्या शेवटी समाधानाची एकही ओळ नाही, हे तोवर मी कधी नीट वाचलंच नव्हतं. एका संध्याकाळी मुलगी गमावलेल्या एका बापाजवळ बसून मी ते वाचलं आणि पुढे काही बोलले नाही. खूप वेळाने तो म्हणाला, "हे बायबलात आहे होय?" बस्स, एवढंच.

हे संभाषण इंग्रजीत लिहायला बसले तर सगळं कोरडं झालं. त्याच्या "होय"मध्ये काय होतं ते इंग्रजीत कसं लिहिणार? म्हणून मी प्राध्यापकांना लिहिलं की मूळ संभाषण मराठीत लिहीन आणि प्रत्येक ओळीखाली इंग्रजी अर्थ देईन. त्यांनी परवानगी दिली, आणि मूल्यमापनासाठी मराठी जाणणाऱ्या एका पाळकांचं मत जोडायला सांगितलं. तुम्हीही ही परवानगी मागा, मात्र सत्राच्या पहिल्याच आठवड्यात आणि ई-मेलने, कारण नोंदवहीचा नमुना एकदा ठरला की मध्येच बदलून मिळत नाही. देखरेख करणाऱ्या पाळकांनाही पहिल्याच भेटीत नमुना दाखवा, दर महिन्याची सहीची तारीख ठरवून घ्या, आणि रुग्णाचं नाव, वॉर्ड, खाट क्रमांक यातलं काहीही वहीत लिहू नका.